हुबळीची पद्मिनी मिरजेला आणताना: भाव आणि भाड्याच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आजपासून वही सुरू. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट कार, घ्यायची हे घरात पक्कं झालं. बाबांनी मिरजेतल्या एका डॉक्टरांची फियाट २२ वर्षं चालवली, रोज सकाळी पुसली, रविवारी धुतली, आणि स्वतःची म्हणून घरात कायम स्कूटरच. आता बाबा ७१ चे आहेत, पाय अजून क्लच दाबतात, तोवर ही गाडी दारात आली पाहिजे.

बजेट १,५०,०००. गाडी दारात उभी राहून, सांगलीचा एमएच १० नंबर लागून, बाबांच्या नावावर होईपर्यंतचा सगळा खर्च यात बसला पाहिजे. रंग, सीटकव्हर, क्रोम हे त्यानंतरचं, त्याचा हिशेब वेगळा. हे आधीच लिहून ठेवतोय कारण इचलकरंजीच्या मित्राने मागच्या वर्षी रायपूरहून जुनी जीप ६० हजारात घेतली, स्वस्त पडली म्हणून सगळ्यांना पेढे वाटले आणि ती घरी आणायला, कागद करायला ३१ हजार गेले. जुन्या गाडीचा विकणारा सांगतो तो भाव त्याच्या दारातला असतो, आपल्याला आपल्या दारातला भाव काढता आला पाहिजे.

९ नोव्हेंबर

आठवडाभर फोन करून तीन गाड्या बाजूला काढल्या.

कोइमतूर, १९८८ मॉडेल, ७५ हजार. फोटो छान. पण मिरजेपासून अंदाजे हजार किलोमीटर. कार कॅरिअरवाल्यांनी चालू गाडीला २४ हजार सांगितले, बंद गाडी असेल तर क्रेनने चढवायचे-उतरवायचे वेगळे, आणि कॅरिअर भरला की निघणार म्हणजे तारीख त्यांच्या हातात. बघायला दोघं जाऊन-येऊन सात-आठ हजार. वर तामिळनाडूचं एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत पत्र, काही अडलं की परत एवढ्या लांब जायचं. ७५ ची गाडी तिथेच एक लाख सहा-सात हजारांवर गेली आणि पत्रा कसा आहे ते अजून बघितलेलंही नाही.

कोल्हापूर, एका डीलरकडे, १,८५,०००, नवा रंग मारलेली. गाडी तासाभरात घरी येईल, वाहतूक जवळजवळ शून्य. पण डीलरचा नफा आहे आणि जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर नोंदणीकृत डीलरला त्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी आहे, तोही शेवटी आपल्याच खिशातून जाणार. दोन सामान्य माणसांच्या आपसातल्या व्यवहाराला हा जीएसटी लागत नाही. शिवाय नव्या रंगाखाली काय झाकलंय ते कळत नाही. मला रंग उडालेली गाडी जास्त विश्वासाची वाटते, तिच्यात जे आहे ते डोळ्यांना दिसतं.

हुबळी, १९९१ मॉडेल, कर्नाटकचं केए २५ पासिंग, रिटायर्ड मास्तरांची, पहिले आणि एकच मालक, २०१९ पासून शेडमध्ये उभी. १,२०,००० सांगतायत. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. बेळगावच्या मामांच्या ओळखीतले आहेत. हीच बघायची.

१६ नोव्हेंबर, रविवार

हुबळीला जाऊन आलो, मी आणि बाबा, वाटेत बेळगावला मामा चढले. तिघांचं जाणं-येणं आणि जेवण २,६००.

बाबांनी गाडी बघायची पद्धत नीट लिहून ठेवतो. बॉनेट उघडलंच नाही आधी. खिशातून स्पीकरचं जुनं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि दारांच्या खालच्या कडेवरून, मडगार्डवरून, डिकीच्या कोपऱ्यांवरून हळूहळू फिरवलं. जिथं पत्रा आहे तिथं चिकटतंय, जिथं लांबी (पुट्टी) भरलीय तिथून घसरून पडतंय. डाव्या मागच्या दाराखाली वीतभर जागेत पडलं, बाकी सगळीकडे चिकटलं. मग आतली मॅट उचलली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबून बघितला, गंज होता पण आत जात नव्हता. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं. हे सगळं झाल्यावर सीटवर बसले, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर हातात घेतला आणि चारही गिअर बंद गाडीत टाकून बघितले, डोळे मिटून. म्हणाले, "बुश गेलेत, बाकी ठीक आहे." बुश म्हणजे गिअरच्या सांध्यातल्या रिंगा.

ब्रेक जाम, बॅटरी मेलेली, टायरना भेगा. इंजिन हाताने फिरतंय. आरसी बुकवरचा चेसी नंबर आणि गाडीवरचा नंबर एकच, इंजिन नंबरही तोच. कर्ज कधी नव्हतंच. मोबाईलवर परिवाहनच्या सरकारी साइटला बघितलं, चलान नाही.

पासिंगची, म्हणजे नोंदणीची मुदत सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. हा मुद्दा भावात फार महत्त्वाचा आहे आणि लोक तोच विसरतात. खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या कारची ही फी १० हजार केली, आधी ५ हजार होती. म्हणजे दहा महिन्यांनी १० हजार जाणारच आहेत. सप्टेंबरमध्ये बजेटच्या बाहेर जाणार असले तरी भावात आजच धरले पाहिजेत.

मास्तरांपुढे कागदावर लिहून दाखवलं. चार टायर १२ हजार, पासिंग १० हजार, बॅटरी आणि ब्रेकचं सहा-सात. मी म्हणलं मास्तर, गाडीला नावं ठेवत नाही, गाडी चांगलीच ठेवलीय तुम्ही, हा खर्च मला घरी नेल्यावर करायचाच आहे तेवढाच वजा करा. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले की बेंगळुरूहून एकाने फोनवर एक लाख दहा सांगितलेत पण तो पार्ट काढून विकणार आहे असं त्यांना कळलंय. खरंच आहे, पद्मिनीचे पार्ट आता सुट्टे विकले तर जास्त येतात. मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला हवं ते मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, २० वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून ग्रिल, बंपर, दरवाजाची हँडलं असल्या वस्तूंचे भाव मी चढतानाच बघतोय.

९८ हजारावर ठरलं. शेवटचे दोन हजार मी सोडवले नसते तरी चाललं असतं असं आता वाटतंय, मास्तरांच्या सौ. नी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. टोकन ५ हजार दिलं, बाकी एनओसी हातात आल्यावर.

२३ नोव्हेंबर

वाहतुकीचे भाव गोळा केले, यात सगळ्यात जास्त शिकलो.

कोल्हापूरचा फ्लॅटबेडवाला (सपाट पाठीवर गाडी चढवून नेणारा ट्रक), २२ हजार. त्याचा हिशेब सरळ आहे, मोकळा जाणार, भरून येणार, साधारण ५०० किलोमीटर, ४० रुपये किलोमीटर, वर टोल. हुबळीचा फ्लॅटबेडवाला १७,५००, तोही भरून येणार आणि मोकळा परत जाणार. म्हणजे कुठूनही बोलावला तरी मोकळ्या फेरीचे पैसे आपणच देतो. बेळगावचा मधला कुणी मिळतो का बघितलं, त्याने तर दोन्हीकडची मोकळी फेरी लावली.

दोरीने ओढून आणा म्हणणारे दोघं भेटले. हायवेवर सव्वादोनशे किलोमीटर, सहा वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक, नाही. चालवत आणा म्हणणारेही भेटले. त्या टायरवर बाबांना बसवणार नाही.

मग परतीची गाडी. सांगलीहून हळद घेऊन हुबळीला आठवड्याला ट्रक जातात आणि त्यातले काही मोकळे परत येतात. मार्केट यार्डात दोन दिवस चहाच्या टपरीवर उभा राहून तिघांशी बोललो. पद्मिनी चार मीटरच्या आत बसते, वजन नऊशे किलोच्या आसपास, त्यामुळे १७ फुटी हौद्यात आरामात बसते. छोटा हत्तीत बसणार नाही, त्याचा हौदा सात फुटी. एका ड्रायव्हरभाऊंनी ७,५०० सांगितले, त्यांना डिझेल सुटतं, मला भाडं कमी. अट एकच, तारीख माल जाईल तशी.

३० नोव्हेंबर

एनओसीचं काम चालू. अर्ज फॉर्म २८ वर, मास्तरांच्या सहीने, त्यावर चेसी नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा लागतो. मास्तरांनी स्वतः काढला, वयाच्या ७५ व्या वर्षी गाडीपुढे चटईवर बसून, कागद धरायला नातू. पहिला ठसा पुसट आला म्हणून दुसरा काढला.

अर्जाला इन्शुरन्स चालू पाहिजे आणि तो २०२० लाच संपलाय. थर्ड पार्टी काढला. हजार ते दीड हजार सीसीच्या कारला ३,४१६ आणि वर १८ टक्के जीएसटी, ४,०३१ झाले. पद्मिनी १,०८९ सीसीची आहे, हजाराच्या आत असती तर २,०९४ मध्ये भागलं असतं. पीयूसीसाठी गाडी चालू व्हावी लागते म्हणून तिथलाच मिस्त्री बोलावला, बॅटरी ४,२००, ब्रेक सोडवून कार्बोरेटर साफ करायचे २,८००. फोनवर इंजिनचा आवाज ऐकवला त्यांनी. बाबांनी स्पीकर लावून तीन वेळा ऐकला.

एजंटने आधी तीन हजार सांगितले आणि कागद त्याच्या हातात गेल्यावर साडेचार केले. आरटीओच्या रांगेला मास्तरांना उभं करायचं नव्हतं म्हणून दिले, पण असा आकडा मध्येच बदलणं मला मान्य नाही, आधीच लिहून घ्यायला हवा होता.

१४ डिसेंबर, रविवार

पद्मिनीला पैसे कमी पडू नयेत म्हणून घरचा चेतक, म्हणजे आमची स्कूटर, विकला, १९९६ चा. नागपूरच्या एका मुलाने घेतला. मी २८ हजार सांगितले होते. त्याने विचारलं काका, पासिंग कधीपर्यंत आहे? एप्रिल २०२६. मग त्याने तोच हिशेब मांडला जो मी मास्तरांपुढे मांडला होता, पासिंगचे दोन हजार, ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा कर), टायर. त्या बाजूला बसल्यावर तो कागद कसा दिसतो ते कळलं. २६ हजाराला दिला. आकडे बरोबर होते त्याचे.

खासगी ट्रान्सपोर्टने ४,८०० सांगितले होते. रेल्वे पार्सलने १,६०० च्या आत काम झालं, मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट नागपूर, मध्ये गाडी बदलायची नाही म्हणून चढ-उतार एकदाच. रेल्वेचं भाडं वजनावर आणि अंतरावर, ते त्याने दिलं, पॅकिंगचे ७०० मी. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करायची, नुसता कॉक बंद करून चालत नाही, वास आला तरी परत पाठवतात. आरसीची आणि आधारची झेरॉक्स. पॅकिंगवाल्याने हँडल, हेडलाइट आणि दोन्ही पोटांवर भाताचं काड बांधलं, वर गोणपाट, सुतळीने शिवलं, आणि पुठ्ठ्यावर मिरज ते नागपूर असं जाड अक्षरात लिहून पुढं-मागं बांधलं.

कागद: मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, आणि एका वेगळ्या कागदावर गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, त्याची व्हिडिओ कॉलवर आणि मग कुरिअरने. हा कागद सोडू नका. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार केसमध्ये सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याचीच, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो. म्हणून मी त्याला सांगितलंय, ३० दिवसांत नाव चढव, मी तारीख लावून फोन करणार आहे.

१७ डिसेंबर

चेतक पोचला. डावा आरसा फुटलेला. आरसे काढून डिकीत ठेवायला हवे होते, ते माझ्याकडून राहिलं. ४०० परत पाठवले त्याला. हातात निव्वळ २४,९००.

२ जानेवारी २०२६

एनओसी आलं! ड्रायव्हरभाऊंना फोन केला, म्हणाले पुढच्या शनिवारी हळद उतरवून मोकळा आहे.

१० जानेवारी, शनिवार

हुबळी. मास्तरांना ९३ हजार बँकेतून पाठवले, त्यांच्या मोबाईलला मेसेज आल्यावरच किल्ली घेतली, फॉर्म २९, ३०, डिलिव्हरीचा कागद, वेळ सकाळी ११ वाजून १० मिनिटं. मास्तरांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून १९९१ चं मूळ बिल आणि सर्व्हिसची वही काढून दिली. त्यांनी दाराला हात लावला आणि आत गेले, परत बाहेर आले नाहीत. मी पण थांबलो नाही.

गाडी हळूहळू चालवत एका गोदामाच्या मालधक्क्यापर्यंत नेली. रॅम्प नसेल तर कार ट्रकमध्ये चढवायची हीच रीत, ट्रक उलटा लावून फाळका पाडायचा आणि धक्क्यावरून सरळ हौद्यात ढकलायची. फोनवर सगळं सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात ट्रकचा हौदा धक्क्यापेक्षा चांगला वीतभर उंच निघाला, कारण माल उतरवल्यावर पाटे (ट्रकच्या स्प्रिंगा) उचलले गेले होते, भरलेला ट्रक खाली बसतो आणि मोकळा वर येतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फळ्या लावल्या. हमाल सहा जण, १,२०० ठरले. पुढची चाकं गेली, मग गाडी मधेच फळीच्या कडेवर टेकली आणि सायलेन्सरचा पाइप कर्र करून वाकला. थांबा म्हणून ओरडलो. मागून जॅक लावून, आणखी एक फळी आडवी सरकवून ती सुटली. हवा थोडी कमी असती तर टायर दबून पाइप आणखी खाली गेला असता, त्यामुळे चढवायच्या आधी हवा भरून घेतली होती ते बरं झालं.

आत गेल्यावर चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक. ड्रायव्हरभाऊ बंपरला दोर बांधायला लागले तेव्हा मी अडवलं, बंपरला दोर बांधला तर हिसक्याने बंपरच सुटून येतो आणि पद्मिनीचा मूळ बंपर आता मिळत नाही. दोर चाकांच्या रिममधून घेतले, खाली हौद्याच्या कड्यांना ओढले, पत्र्याला लागतील तिथं जुनी ब्लँकेटं घातली. दोर, ठोकळे, ब्लँकेटं ८५०. केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसून आलो. धारवाड सोडल्यावर एकदा आणि बेळगावच्या अलीकडे एकदा थांबून दोर ताणून घेतले, पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये दोर सगळ्यात जास्त सैल होतात असं ते म्हणाले आणि खरंच झाले होते.

११ जानेवारी

पहाटे सांगलीच्या मार्केट यार्डात उतरवली, हमाली १,०००. इथला धक्का उंचीला बरोबर जुळला, दहा मिनिटांत खाली. चारही टायर हळदीने पिवळेधमक झालेले, दाराच्या फटीत, वायपरखाली हळद. सांगली ते मिरज टोइंग व्हॅन १,५००. चाचांनी, म्हणजे बाबांच्या जुन्या मिस्त्रींनी, सायलेन्सर वेल्डिंग करून दिला ६००.

बाबांनी हळद पुसू दिली नाही, शकुन आहे म्हणाले, राहू दे आठवडाभर.

१९ जानेवारी, सोमवार

सांगली आरटीओत कागद दिले. दुसऱ्या राज्यातली गाडी इथं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो, आपल्याला तर घ्यायचाच आहे. टॅक्स, ग्रीन टॅक्स, फी आणि नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, कारची ७४५ अधिक जीएसटी, सगळ्यासाठी मिळून १२ हजार बाजूला ठेवलेत.

आत्तापर्यंतचा हिशेब बसून मांडला. गाडी ९८,०००. तिथला मिस्त्री आणि बॅटरी ७,०००. इन्शुरन्स ४,०३१. एनओसी ४,५००. हुबळीच्या दोन फेऱ्या, दुसरी १,९०० ची, मिळून ४,५००. ट्रक ७,५००, दोन्हीकडची हमाली २,२००, दोर वगैरे ८५०, शेवटचे दहा किलोमीटर १,५००, वेल्डिंग ६००. एकूण १,३०,६८१. आरटीओचे १२ हजार धरून १,४२,६८१. बजेटच्या आत आलो, पण बघा, गाडीच्या किमतीवर ३२,६८१ आरटीओच्या आधीच चढलेत, म्हणजे तिसरा हिस्सा.

आणि वाहतुकीचं खरं गणित मला आजच कळलं. ट्रक ७,५०० आणि फ्लॅटबेड १७,५००, दहा हजार वाचले असं मी दीड महिना सगळ्यांना सांगत होतो. हमाली, दोर, शेवटचा टप्पा आणि वेल्डिंग धरलं तर ट्रकने १२,६५० पडले. वाचले ४,८५०. तेवढ्यासाठी फळ्यांवर गाडी अडकलेली ती पाच मिनिटं मी परत घेणार नाही, आणि रंग केलेली, क्रोम चढवलेली गाडी असती तर नक्कीच फ्लॅटबेड सांगितला असता, तो दारातून उचलतो आणि दारात सोडतो. रंग उडालेल्या, उभ्या राहिलेल्या गाडीला मात्र परतीचा ट्रक ठीक आहे, फक्त धक्का आणि हौदा यांची उंची आधी टेपने मोजून घ्यायची, दोन्हीकडची, आणि हौद्याची ट्रक मोकळा असताना.

२५ जानेवारी

नागपूरच्या मुलाने चेतकवर नाव चढवलं, नव्या आरसीचा फोटो आला.

गिअरचे बुश कुर्ल्याहून मागवलेत, कुरिअरने, चाचा बुधवारी बसवणार. टायर ५.२०-१४ साइजचे कोल्हापुरात दोनच मिळाले, दोन पुण्याहून येतायत. आणि ड्रायव्हरभाऊंचा सकाळी फोन होता, गुरुवारी धारवाडला माल आहे, परत येताना मोकळा आहे, कुणाची गाडी असली तर सांगा. इचलकरंजीच्या मित्राला नंबर दिला, त्याला तिथली एक येझदी मोटारसायकल बघायची आहे. टेप घेऊन जा म्हणून सांगितलंय.